बार्बी गर्ल

बार्बी गर्ल : अ‍ॅक्वा या डॅनिश-नॉर्वेजियन गटाचे १९९७ मधले युरोडान्स प्रकारातले इंग्रजी गाणे. ‘अ‍ॅक्वेरियम’ या त्यांच्या पहिल्या अल्बममधून बाजारात आलेले हे तिसरे सिंगल (म्हणजे अल्बममधून वेगळे काढून विकलेले गाणे). गाणे जेमतेम सव्वातीन मिनिटांचे, पण त्यावरचा खटला पाच वर्षांहून जास्त काळ रेंगाळला. त्यामुळे हे नाव नाचगाण्यांच्या यादीत जितके सापडते, तितकेच अमेरिकेतल्या व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) कायद्याच्या वर्गातही ऐकू येते.

गटात चौघे. गायिका लेने न्यूस्ट्रॉम नॉर्वेची. रेने डिफ, सोरेन रास्टेड आणि क्लाउस नोरीन हे तिघे डेन्मार्कचे. लेने नॉर्वे-डेन्मार्क फेरीबोटीवर गात असे, तिथे डीजे असलेल्या डिफने तिला हेरले. जॉयस्पीड या नावाने १९९५ मध्ये त्यांनी एका बालगीताचे नाचरे रूप काढून पाहिले, ते आपटले. मग नाव बदलले आणि बाजही बदलला. ‘रोझेस आर रेड’ आणि ‘माय ओ माय’ ही पहिली दोन सिंगल्स डेन्मार्कात चालली, पण देशाबाहेर अ‍ॅक्वाचे नाव खऱ्या अर्थाने पोचले ते या तिसऱ्या गाण्याने. कोपनहेगनमधल्या एका प्रदर्शनात रास्टेडने बार्बी बाहुल्या मांडलेल्या पाहिल्या. प्रदर्शनाचा विषय होता भडक, सवंग, तरी लोकांना हवीहवीशी वाटणारी कला. गाण्याची कल्पना त्याला तिथे सुचली.

युरोडान्सचा साचा तोवर पक्का झाला होता. जर्मनी, इटली, बेल्जियममधल्या स्टुडिओंत १९९० च्या आसपास तो घडला : चारही मात्रांवर सारखा पडणारा ठोका, सिंथेसायझरवरची डोक्यात बसणारी एक छोटी सुरावट, ध्रुवपदाला बाईचा मोकळा आवाज आणि मधल्या कडव्यांत पुरुषाचे रॅप. अनेक गाण्यांत हा पुरुष नेमके काय बोलतो याच्याशी ऐकणाऱ्याला देणेघेणे नसे. तो ठोक्याला भर घालायला असे. अ‍ॅक्वाने साचा तोच ठेवला, फक्त त्या दोन आवाजांना पात्रे केले. बाई झाली बार्बी, पुरुष झाला तिचा मित्र केन. गाणे सुरूच होते ते दोघांच्या रामरामाने आणि गाडीतून फिरायला येतेस का या विचारणेने, आणि मग मिनिटाला १३० ठोक्यांची लय धरते. लेने आवाज इतका वर चढवते, इतका चिमटवते, की तो चावी दिलेल्या खेळण्यातून आल्यासारखा वाटतो. हा तिचा नेहमीचा आवाज नव्हे. त्याच अल्बममधल्या ‘टर्न बॅक टाइम’ या संथ गाण्यात तीच गायिका अगदी सरळ, खालच्या पट्टीत गाते. दोन्ही पाठोपाठ ऐकली की पहिल्यातला आवाज म्हणजे चढवलेले सोंग आहे हे लगेच लक्षात येते. डिफचा घोगरा, जाडा आवाज याच्या बरोबर उलट टोकाला. बाहुली म्हणते, माझे केस विंचर, मला हवे तिथे ने, मला हवे तसे कर. आणि केन खुशीत येतो. शब्द पोरकट, सूर गोड, अर्थ मात्र तितका निरागस नाही.

पेडर पेडरसन आणि पेटर स्टेनबेक यांनी दिग्दर्शित केलेल्या व्हिडिओत हाच दुटप्पीपणा डोळ्यांना दिसतो. गुलाबी मोटार, पोहण्याचा तलाव, प्लास्टिकचे वाटावे असे घर, सगळ्यांच्या चेहऱ्यावर खिळवलेले हसू. आणि मध्येच केन बार्बीचा हात ओढतो तो खांद्यापासून निखळून त्याच्याच हातात येतो. घरात लहान मूल असेल तर हा प्रसंग ओळखीचा वाटेल. व्हिडिओत मात्र तो क्षणभर खटकतो, कारण समोर बाहुली नसून जिवंत बाई आहे.

१९९७ च्या ऑक्टोबरात ब्रिटनच्या खपाच्या यादीत हे गाणे पहिल्या क्रमांकावर चढले. त्याआधी पाच आठवडे ती जागा राजकन्या डायनाच्या मृत्यूनंतर एल्टन जॉनने गायलेल्या गीताकडे होती आणि मग एक आठवडा स्पाइस गर्ल्सकडे. शोकगीतानंतर इतक्या लवकर हे प्लास्टिकचे गाणे चार आठवडे मुक्काम ठोकून बसले, हा ब्रिटिश श्रोत्यांच्या रुचीचा मजेशीर नमुना म्हणायला हवा. एकट्या ब्रिटनमध्ये त्याच्या १७ लाखांहून जास्त प्रती खपल्या. ऑस्ट्रेलियातही ते पहिले आले. अमेरिकेत बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत ते सातव्या क्रमांकापर्यंत गेले; युरोपीय नाचगाण्यांकडे त्या देशाचा कल कमीच असल्याने ही मजल मोठी. अ‍ॅक्वाला ‘एका गाण्याचे धनी’ म्हणण्याची पद्धत पडली आहे, ती मात्र अमेरिकेतल्या अनुभवावरून. ब्रिटनमध्ये पुढच्याच वर्षी त्यांची आणखी दोन गाणी, ‘डॉक्टर जोन्स’ आणि ‘टर्न बॅक टाइम’, पहिल्या क्रमांकावर गेली.

खप एकीकडे, पसंती दुसरीकडे. हे गाणे आवडणाऱ्यांइतकेच ते सहन न होणारेही निघाले. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने २०११ मध्ये वाचकांना नव्वदच्या दशकातली सर्वांत वाईट गाणी निवडायला सांगितली, तेव्हा पहिला मान याच गाण्याला मिळाला. यात थोडा अन्याय आहे. गाणे मुद्दाम सवंग आहे. सवंगपणा हाच त्याचा विषय आहे. पण मुद्दाम केलेला सवंगपणा दिवसातून वीस वेळा रेडिओवर लागला की नुसताच सवंग वाटू लागतो, हेही खरे. शिवाय सहा वर्षांच्या मुलीला त्यातला डोळा मिचकावणे कळत नाही. तिला तिची बाहुली गाताना ऐकू येते. एकच गाणे दोन वयांना दोन वेगळ्या गोष्टी सांगत होते.

बाहुलीच्या मालकांना यातले मोठ्यांना कळणारे रूप नेमके खुपले. १९५९ पासून बार्बी विकणाऱ्या मॅटेल कंपनीने सप्टेंबर १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयात हे गाणे अमेरिकेत विकणाऱ्या एमसीए रेकॉर्ड्स या कंपनीवर दावा लावला. आमचे नाव परवानगीशिवाय वापरले, ग्राहकांची गल्लत होईल, आणि मुलींच्या खेळण्याला चावट रंग चढला, असे तक्रारीचे सार. हे गाणे म्हणजे सामाजिक भाष्य असून बाहुलीच्या निर्मात्यांचा त्याच्याशी संबंध नाही, असे अल्बमच्या वेष्टनावर छापले होते, पण मॅटेलचे समाधान झाले नाही. कंपनीने बाहेर बोलताना चोरी, दरोडा असे शब्द वापरले, तेव्हा एमसीएने उलट बदनामीचा दावा ठोकला.

खालच्या न्यायालयात मॅटेल हरली. अपिलाचा निकाल नवव्या परिमंडळाच्या संघीय अपील न्यायालयाने २४ जुलै २००२ रोजी दिला. तो लिहिणारे न्यायाधीश अ‍ॅलेक्स कोझिन्स्की खुसखुशीत लेखणीसाठी प्रसिद्ध होते आणि इथे त्यांनी हात आखडता घेतला नाही. गाण्याचे शीर्षक हे मालावरचे लेबल नसते, असा त्यांचा मुख्य मुद्दा. अमेरिकन गायिका जॅनिस जॉप्लिन एका गाण्यात देवाकडे मर्सिडीज मागते, म्हणून तिची आणि मोटार कंपनीची भागीदारी आहे असे कोणी समजत नाही. दुसरा मुद्दा विडंबनाचा. एखाद्याचे नाव उसने घेऊन तिसऱ्याचीच टर उडवली तर ती उसनवारी समर्थनीय ठरवणे अवघड जाते; इथे टिंगल खुद्द बार्बीची आणि ती ज्या जगण्याचे प्रतीक मानली जाते त्याची आहे, मग तिचे नाव न घेता ती करायची कशी? विडंबनगीतांची जुनी आवड असलेल्या मराठी वाचकाला हे पटवून द्यावे लागणार नाही : ज्या कवीची टोपी उडवायची, त्याचीच चाल आणि त्याचेच शब्द हाताशी घ्यावे लागतात.

न्यायालयाने मॅटेलचे एक म्हणणे मान्यही केले, आणि निकालातला हा भाग सहसा सांगितला जात नाही. हे गाणे गाजल्यावर ‘बार्बी’ म्हटले की काहींना बाहुलीबरोबर गाणेही आठवणार, म्हणजे नावाची धार थोडी बोथट होणार, हे न्यायाधीशांनी कबूल केले. तरी गाणे ही केवळ विक्रीची जाहिरात नसून अभिव्यक्ती आहे, म्हणून कायद्यातली सूट तिला लागू धरली. एमसीएचा बदनामीचा दावाही फेटाळला. दरोडा वगैरे शब्द तावातावाने केलेली अतिशयोक्ती म्हणून सोडून दिले. निकालाच्या शेवटच्या ओळीत दोन्ही पक्षांना ‘जरा थंड घ्या’ असा सल्ला आहे. जानेवारी २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मॅटेलचे अपील ऐकायला नकार दिला.

पुढे मॅटेलचा रागही निवळला. २००९ मध्ये कंपनीने स्वतःच्या जाहिरातीत हीच चाल वापरली, शब्द मात्र धुऊन पुसून घेतलेले. ८ जून २०२३ रोजी व्हिस्कीच्या बाटलीसारख्या दिसणाऱ्या कुत्र्याच्या खेळण्यावरून चाललेल्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्यापारचिन्हांच्या बाबतीतली कलेची सूट आवळली. त्या निकालातही ‘बार्बी गर्ल’चा दाखला आला, पण सूट जिथे योग्य ठरते त्याचे उदाहरण म्हणून. त्यानंतर १५ दिवसांनी, ग्रेटा गर्विगच्या ‘बार्बी’ चित्रपटासाठी निकी मिनाज आणि आइस स्पाइस या रॅप गायिकांनी याच गाण्याचा तुकडा घेऊन केलेले ‘बार्बी वर्ल्ड’ आले. श्रेयनामावलीत त्या दोघींबरोबर अ‍ॅक्वाचे नाव होते आणि चित्रपटाला आशीर्वाद होता मॅटेलचा. चित्रपटाच्या अखेरीस नावे सरकत असताना ते वाजते. बिलबोर्डच्या यादीत तेही सातव्या क्रमांकापर्यंतच पोचले.