बहुवर्गीय स्पोर्ट्‌स कार शर्यत

वेग, बांधणी आणि चालकांची पात्रता यांनुसार वेगवेगळ्या वर्गांत मोडणाऱ्या मोटारी ज्या शर्यतीत एकाच ट्रॅकवर एकाच वेळी धावतात आणि जिच्यात प्रत्येक वर्गाचा विजेता स्वतंत्रपणे ठरतो, तिला बहुवर्गीय स्पोर्ट्‌स कार शर्यत म्हणतात. अशी शर्यत बहुधा वर्षभर चालणाऱ्या अजिंक्यपद मालिकेचा एक टप्पा असते. तिची लांबी सहसा फेऱ्यांत न मोजता तासांत मोजतात. ठरलेल्या वेळेत ज्या गाडीच्या सर्वाधिक फेऱ्या होतात ती एकूण क्रमवारीत पहिली येते. मात्र त्याच वेळी मागच्या वर्गांतील गाड्यांची आपापसांतली चुरसही तितक्याच गांभीर्याने चाललेली असते. त्यामुळे ‘पहिला कोण आला?’ या प्रश्नाला येथे जितके वर्ग तितकी उत्तरे असतात.

या प्रकारातील सर्वांत प्रतिष्ठेची शर्यत म्हणजे फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांची शर्यत. ती प्रथम मे १९२३ मध्ये भरली. सुरुवातीच्या काळात गाड्यांची विभागणी इंजिनाच्या घनक्षमतेनुसार होई, आणि लहान इंजिनाच्या गाडीने किमान किती अंतर कापावे याचे मोजमापही वेगळे असे. लहान गाडीला मोठ्या गाडीच्या फूटपट्टीने मोजायचे नाही हे तत्त्व तेव्हाच रुजले आणि आजच्या वर्गव्यवस्थेच्या मुळाशी तेच आहे. १९५३ ते १९९२ या काळात जागतिक स्पोर्ट्‌स कार अजिंक्यपद मालिका चालली. तिची परंपरा २०१२ पासून ‘वर्ल्ड एन्ड्युरन्स चॅम्पियनशिप’ पुढे नेत आहे. अमेरिकेत २०१४ मध्ये दोन मालिका एकत्र होऊन ‘इम्सा’ या तेथील मोटारशर्यत संघटनेची सध्याची मालिका सुरू झाली. डेटोना येथील २४ तासांची आणि सेब्रिंग येथील १२ तासांची शर्यत हे तिचे मानबिंदू आहेत.

जागतिक मालिकेत २०२४ पासून हायपरकार आणि एलएमजीटी-३ असे दोनच वर्ग आहेत. हायपरकार ही खास शर्यतीसाठी घडवलेली, बव्हंशी संकरित ऊर्जेवर चालणारी गाडी असते, तर एलएमजीटी-३ वर्गातील गाड्या पोर्शे, फेरारी, शेव्हरोले यांसारख्या कंपन्यांच्या रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या मोटारींवर आधारलेल्या असतात. एलएमपी-२ हा खास शर्यतीसाठीच घडवलेल्या, पण हायपरकारहून मंद गाड्यांचा मधला वर्ग त्या वर्षापासून मालिकेतून वगळला गेला, तरी ल मां येथे तो आजही धावतो. प्रेक्षकांना ओळख पटावी म्हणून गाडीच्या क्रमांकाची पट्टी हायपरकारला लाल, एलएमपी-२ ला निळी आणि एलएमजीटी-३ ला नारिंगी असते.

या शर्यतीचा प्राण वर्गावर्गांतील वाहतुकीत आहे. ल मांच्या ट्रॅकची एक फेरी १३.६२६ किलोमीटरची आहे. हायपरकार ती साधारण साडेतीन मिनिटांत पुरी करते, तर एलएमजीटी-३ गाडीला चार मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. म्हणजे दर सात-आठ फेऱ्यांमागे वेगवान गाडी त्याच मंद गाडीला पुन्हा गाठते. २०२४ च्या शर्यतीत ६२ गाड्यांपैकी २३ एलएमजीटी-३ वर्गाच्या होत्या. या हिशेबाने आघाडीच्या हायपरकारला केवळ त्या वर्गातल्याच सरासरी तीन गाड्या प्रत्येक फेरीत मागे टाकाव्या लागतात, आणि हे दिवसा, रात्री, पावसात अखंड चालते. सोलापूरच्या वाचकाला ही परिस्थिती अगदीच अपरिचित नाही. गळीत हंगामात पुणे महामार्गावर मोहोळ-टेंभुर्णीच्या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, एसटी गाड्या आणि भरधाव मोटारी एकाच रस्त्यावर असतात, आणि पुढच्या वाहनाचा वेग ओळखण्यात झालेली क्षणाची चूक जिवावर बेतते. फरक एवढाच, की ट्रॅकवरील मंद गाडीही जिंकण्यासाठीच धावत असते. पाठीमागे हायपरकारचे दिवे दिसले म्हणून तिने वळणावरची आपली ओळ (वळणातून जाण्याचा मार्ग) सोडली, तर तिच्याच वर्गातला प्रतिस्पर्धी पुढे निघून जातो. म्हणून जीटी, म्हणजे रस्त्यावरच्या मोटारींवर आधारलेल्या गाड्यांचा अनुभवी चालक एकदम बाजूला होत नाही; तो आपली ओळ स्थिर ठेवतो आणि पुढे कसे जायचे हे मागच्याला ठरवू देतो. अचानक दिलेली वाट न दिलेल्या वाटेपेक्षा अधिक धोक्याची असते.

२०११ च्या ल मां शर्यतीत याची प्रचिती आली. पहिल्याच तासात ॲलन मॅकनिश यांची ऑडी एका जीटी फेरारीला ओलांडताना तिच्याशी भिडली आणि ट्रॅकबाहेर जाऊन कठड्यावर आदळली. रात्री माइक रॉकनफेलर यांची दुसरी ऑडीही अशाच प्रकारे एका फेरारीशी संपर्क येऊन उद्ध्वस्त झाली. दोघेही चालक गंभीर दुखापतीवाचून बचावले. ऑडीची उरलेली एकमेव गाडी २४ तासांनंतर पूझोच्या केवळ १३.८५४ सेकंद पुढे राहून जिंकली. निव्वळ वेगावर या शर्यती जिंकता येत नाहीत हे यातून जितके स्पष्ट होते, तितके कोणत्याही नियमपुस्तिकेतून होत नाही.

मंद वर्गाने थेट अग्रस्थान गाठल्याचे प्रसंगही आहेत. १९९५ मध्ये पावसाने झोडपलेल्या ल मां येथे रस्त्यावरच्या मोटारीपासून तयार केलेली मॅकलरेन एफ-१ जीटीआर प्रोटोटाइप, म्हणजे खास शर्यतीसाठी घडवलेल्या गाड्यांना मागे टाकून एकूण विजेती ठरली. २०१७ मध्ये सर्वोच्च वर्गातील गाड्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि रविवारी एलएमपी-२ वर्गातील एक गाडी चक्क सर्वांच्या पुढे धावू लागली. शर्यतीच्या आरंभी दुरुस्तीत तासाहून अधिक वेळ गमावलेल्या पोर्शेने शेवटच्या टप्प्यात तिला गाठले नसते, तर इतिहास वेगळाच घडला असता. तरीही ती गाडी एकूण दुसरी आली आणि स्वतःच्या वर्गात पहिली.

चालकांची प्रतवारी हे या खेळाचे आणखी एक वेगळेपण आहे. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ (एफआयए) चालकांना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम अशा श्रेणी देतो, आणि एलएमजीटी-३ च्या प्रत्येक गाडीत किमान एक ब्राँझ, म्हणजे हौशी चालक असावाच लागतो. उद्योग-व्यवसाय सांभाळून शर्यतीत उतरलेला हा माणूस व्यावसायिक खेळाडूंच्या बरोबरीने गाडी हाकतो. त्याने सेकंद-दोन सेकंद कमी गमावणे हेच अनेकदा संघाच्या विजयाचे कारण ठरते. थकव्यामुळे अपघात होऊ नयेत म्हणून ल मां येथे एका चालकाला कोणत्याही सहा तासांत चारपेक्षा आणि एकूण चौदापेक्षा जास्त तास गाडी चालवता येत नाही. वर्गाअंतर्गत तोल राखण्यासाठी ‘बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स’ या पद्धतीने गाड्यांचे किमान वजन आणि इंजिनाची शक्ती कमी-अधिक केली जाते. या पद्धतीवर संघांच्या तक्रारी सतत असतात, परंतु तिच्यावाचून इतक्या कंपन्या एकाच वर्गात टिकल्या नसत्या, हेही मान्य करावे लागते.

हंगामातील गुण शर्यतीच्या लांबीनुसार बदलतात. जागतिक मालिकेत सहा तासांच्या शर्यतीत वर्गातील पहिल्याला २५, दुसऱ्याला १८ आणि तिसऱ्याला १५ गुण मिळतात; आठ ते दहा तासांच्या शर्यतीत ते सुमारे दीडपट आणि ल मां येथे दुप्पट, म्हणजे विजेत्याला ५० होतात. विजेत्याने कापलेल्या अंतराच्या किमान ७० टक्के अंतर पुरे केल्याखेरीज गाडीची क्रमवारीत नोंद होत नाही. त्यामुळे मोडलेली गाडीही पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेत, दुरुस्त करून पुन्हा बाहेर काढण्याची धडपड शेवटपर्यंत चालते. अजिंक्यपद बहुतेकदा सर्वाधिक विजयांपेक्षा सातत्याने शर्यत पुरी करण्यावर ठरते.

भारताचा या प्रकाराशी संबंध अलीकडचा आहे. नारायण कार्तिकेयन २००९ मध्ये ल मां येथे उतरणार होते, परंतु ऐन वेळी खांद्याला झालेल्या दुखापतीमुळे त्यांना शर्यत चालवता आली नाही. २०१२ मध्ये करुण चंडोक तेथे धावणारे पहिले भारतीय ठरले आणि त्यांची गाडी एकूण सहावी आली. २०२१ मध्ये कार्तिकेयन, अर्जुन मैनी आणि नवीन राव या तिघांचा संपूर्ण भारतीय संघ आशियाई ल मां मालिकेत एलएमपी-२ वर्गात उतरला.

कोइम्बतूर, चेन्नईजवळचे इरुंगाट्टुकोट्टई आणि ग्रेटर नोएडा ही देशातील प्रमुख सर्किटे सोलापूरपासून दूर आहेत, त्यामुळे येथील रसिकाला हा खेळ मुख्यतः पडद्यावरच पाहावा लागतो. ल मांची शर्यत अलीकडे बहुधा जूनच्या मध्यास, मृगाच्या दिवसांत येते. फ्रान्समध्ये दुपारी चारला झेंडा पडतो तेव्हा सोलापुरात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, आणि निकाल दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला लागतो. प्रथमच पाहणाऱ्याने पडद्याच्या कडेला सरकणाऱ्या यादीतील एकूण क्रमांकाऐवजी वर्गातील क्रमांकावर नजर ठेवावी आणि एलएमजीटी-३ मधील एखादी गाडी निवडून तिचाच माग घ्यावा. चालक बदलताना, इंधन भरताना आणि हायपरकारच्या झुंडी अंगावरून जात असताना ती आपल्या वर्गात किती सेकंद गमावते किंवा मिळवते, हे तासभर पाहिले की शर्यतीची रचना आपोआप उलगडत जाते.