सागरी आयातीतील मालाचे घनमापन

सागरी आयातीतील मालाचे घनमापन : समुद्रमार्गे येणारा माल कंटेनरमध्ये किती जागा व्यापेल, हे घनमीटरमध्ये काढण्याची आणि त्यावरून भाडे ठरविण्याची पद्धत. व्यापारात या एककाला ‘सीबीएम’ म्हणतात. प्रत्येक नगाची लांबी, रुंदी व उंची मीटरमध्ये घेऊन तिन्हींचा गुणाकार करतात व त्याला नगसंख्येने गुणतात. वाळू-मुरुमाचा हिशेब ब्रासने करणाऱ्यांच्या सोयीसाठी सांगायचे, तर १ घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३१ घनफूट आणि १०० घनफुटांचा १ ब्रास म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर.

गणित सोपे असले, तरी कोणते माप धरायचे यावर सगळे अवलंबून असते. भाडे आकारले जाते ते बांधणीसह बाहेरच्या मापांवर. यंत्राच्या माहितीपत्रकात छापलेल्या मापांवर नव्हे. भंडारा-गोंदिया पट्ट्यातील एखाद्या राईस मिलने तांदळातील काळा दाणा वेगळा करणारे यंत्र, ज्याला गिरणीवाले सरसकट ‘सॉर्टेक्स’ म्हणतात, चीनहून मागविले आणि यंत्राची मापे २.१ × १.५ × १.८ मीटर असली, तर घनफळ ५.६७ घनमीटर येते. तेच यंत्र तळाला दांड्या ठोकलेल्या लाकडी पेटीत बसविल्यावर बाहेरची मापे २.३ × १.७ × २.१ मीटर होतात आणि घनफळ ८.२१ घनमीटरवर, म्हणजे जवळपास ४५ टक्क्यांनी वाढते. लांबी-रुंदीत एक वीत आणि उंचीत फूटभर वाढ दिसायला किरकोळ वाटते, पण ती तिन्ही बाजूंनी गुणली जाते. त्यामुळे ऑर्डर पक्की करण्यापूर्वीच विक्रेत्याकडून पेटीच्या मापांसह पॅकिंग लिस्ट मागविणे शहाणपणाचे ठरते. गोल वस्तूही चौकोनी धरूनच मोजली जाते : ०.६ मीटर व्यासाच्या व ०.९ मीटर उंचीच्या पिंपाचे खरे घनफळ ०.२५ घनमीटर असले, तरी आकारणी ०.३२ घनमीटरवर होते. वरचा भाग नाजूक असल्यामुळे ज्या पेटीवर दुसरा नग ठेवता येत नाही, तिच्या वरच्या रिकाम्या जागेचे पैसेही कधीकधी मोजावे लागतात.

पूर्ण कंटेनर न भरणाऱ्या सुट्या मालासाठी, म्हणजे ‘एलसीएल’ पद्धतीत, १ घनमीटर आणि १,००० किलो यांची बरोबरी धरून जो आकडा मोठा येईल त्यावर भाडे लावतात. वरील सॉर्टेक्सचे पेटीसह वजन १,१०० किलो असेल, तर वजनाने १.१ आणि घनफळाने ८.२१ एकके होतात. आकारणी अर्थातच ८.२१ वर. उलट १.२ × १.० × ०.६ मीटरच्या पेटीत १,३०० किलोचे लोखंडी सुटे भाग आले, तर घनफळ अवघे ०.७२ असूनही १.३ एककांचे भाडे पडते. माल १ एककाहून कमी असला, तरी बहुधा किमान १ घनमीटरचे पैसे घेतले जातात. चीनहून येणाऱ्या सुट्या मालाचा समुद्री दर अनेकदा अगदी स्वस्त सांगितला जातो. मात्र भारतीय बंदरावरचे हाताळणी, गोदाम व डिलिव्हरी ऑर्डरचे (माल ताब्यात देण्याच्या आदेशाचे) आकारही बहुतांशी घनमीटरवरच लागतात. केवळ समुद्री भाडे पाहून सौदा करणाऱ्याचा हिशेब येथेच चुकतो.

माल साधारण १३ ते १५ घनमीटरच्या पुढे गेला, की पूर्ण कंटेनरचा दर विचारून पाहावा. २० फुटी कंटेनरचे आतील घनफळ सुमारे ३३ घनमीटर असते, पण पेट्या एकमेकींत चपखल बसत नसल्याने प्रत्यक्षात २५ ते २८ घनमीटर माल मावतो. ४० फुटीत सुमारे ६७ पैकी ५४ ते ५८. दरवाजा आतील उंचीपेक्षा ठेंगणा, सुमारे २.२८ मीटर असतो, म्हणून आत मावणारी पेटी दारातून जाईलच असे नाही. पूर्ण कंटेनर न्हावा शेवा बंदराहून रेल्वेने नागपूर येथील अंतर्देशीय कंटेनर डेपोत आणून तेथेच सीमाशुल्काचे सोपस्कार करता येतात; सुटा माल सहसा बंदराजवळच्या गोदामात उतरवून पुढे ट्रकने येतो. गिरणीच्या दारात पेटी उतरविताना मात्र घनफळाला महत्त्व उरत नाही : हायड्रा (फिरती क्रेन) किती टनी लागेल, हे वजनच ठरविते.

घनमापनाचा परिणाम सीमाशुल्कावरही होतो. शुल्क मालाच्या किमतीत समुद्री भाडे व विमा मिळवून येणाऱ्या मूल्यावर लागत असल्याने फुगलेल्या घनफळाचे भाडे त्या मूल्यातही शिरते. भाड्याचा खर्च निश्चित करता येत नसेल, तर २००७ च्या सीमाशुल्क मूल्यांकन नियमांनुसार तो एफओबी किमतीच्या, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीच्या, २० टक्के धरला जातो, म्हणजे २० लाखांच्या यंत्रावर ४ लाख रुपये. सॉर्टेक्सच्या ८.२१ घनमीटरचे खरे समुद्री भाडे सर्वसाधारण काळात याच्या जवळपासही पोहोचत नाही. त्यामुळे भाड्याची पावती बिल ऑफ एंट्रीसोबत, म्हणजे सीमाशुल्क खात्याला द्यायच्या आयातीच्या घोषणापत्रासोबत, जोडणे आयातदाराच्याच फायद्याचे असते.