एडिटिंगसाठी महागडं ग्राफिक्स कार्ड लागतंच?

पुण्याच्या तापकीर गल्लीत कॉम्प्युटरचे सुटे भाग घ्यायला निघालात की कुणीतरी सांगतंच, ‘व्हिडिओ एडिटिंग? मग आधी तगडं ग्राफिक्स कार्ड घे.’ हे खरं नाही. मोबाइलवर शूट केलेला एच.२६४ या फॉरमॅटमधला (दाबून लहान केलेला) व्हिडिओ उलगडायला इंटेलच्या प्रोसेसरमध्ये २०११ पासून क्विक सिंक ही सोय आहे; ती अंगभूत ग्राफिक्सचाच भाग असते. अलीकडच्या पिढ्या त्यापुढचा एच.२६५ फॉरमॅटही पेलतात. मात्र नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर घेऊ नका. त्यात अंगभूत ग्राफिक्सच नसतं, म्हणून क्विक सिंकही नाही. थोडा स्वस्त म्हणून नेमका तोच गळ्यात मारला जातो, याचं फार वाईट वाटतं. कार्डाचे पैसे ३२ जीबी रॅम आणि एनव्हीएमई एसएसडीवर (वेगवान स्टोरेजवर) घाला. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये रोज कलर ग्रेडिंग (रंगसंगती जुळवणं), नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे घालवणं) करणार असाल, तर मात्र कार्ड हवंच.