मोठे व्हॉल्व्ह (मोटार इंजिन)

इंजिनाच्या हेडमधले (सिलिंडरवरच्या झाकणातले) मूळ व्हॉल्व्ह, म्हणजे हवा-वायूच्या झडपा, काढून त्यांच्या जागी जास्त व्यासाचे व्हॉल्व्ह बसवण्याचे काम. सिलिंडरमध्ये हवा जास्त यावी आणि जळालेला वायू लवकर बाहेर पडावा, हा त्यामागचा हेतू. शर्यतीच्या आणि रॅलीच्या मोटारींत हा बदल अनेक दशकांपासून होत आला आहे.

नाशिकमध्ये हा बदल करायचा तर आधी इथल्या हवेचा विचार करावा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. इथली हवा मुंबईच्या मानाने साधारण 6 टक्के विरळ असते. त्यामुळे टर्बो (हवा दाबून भरणारे यंत्र) नसलेले इंजिन कसारा घाट चढून वर आले की जवळपास तेवढीच ताकद कमी देते. मोठ्या व्हॉल्व्हने विरळ हवा दाट होत नाही, हवेच्या वाटेतला अडथळा तेवढा कमी होतो. हा फरक ध्यानात न घेता खर्चात पडणारे बरेच असतात.

आत येणाऱ्या हवेला ढकलायला फक्त वातावरणाचा दाब असतो. जळालेला वायू मात्र सिलिंडरमधल्या कितीतरी मोठ्या दाबाने बाहेर फेकला जातो. म्हणून इनलेट व्हॉल्व्ह मोठा ठेवतात आणि एक्झॉस्टचा व्यास त्याच्या 80 ते 85 टक्के असला तरी भागते. आरपीएम (इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे) वाढत जातो तसा इनलेटपाशी हवेचा वेगही वाढतो. हा सरासरी वेग ध्वनीच्या वेगाच्या 0.5 ते 0.6 पटीपुढे गेला की सिलिंडर पुरता भरेनासा होतो. मोठ्या व्हॉल्व्हचा खरा उपयोग तिथे, म्हणजे वरच्या आरपीएमला दिसतो.

समजा 36 मिमीच्या जागी 38 मिमीचा व्हॉल्व्ह बसवला. तोंडाचे क्षेत्रफळ 11 टक्क्यांनी वाढते, पण हवा जाते ती व्हॉल्व्ह उघडल्यावर त्याच्या कडेभोवती पडणाऱ्या फटीतून. ही फट म्हणजे परीघ गुणिले लिफ्ट (व्हॉल्व्ह उघडताना जितका सरकतो ते अंतर). कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता उंचवटा) तोच ठेवून लिफ्ट 9 मिमीच राहिली, तर फट 1018 चौरस मिमीवरून 1074 वर जाते. वाढ साडेपाच टक्क्यांचीच झाली. व्यासाच्या चौथ्या हिश्शाइतकी लिफ्ट मिळाली की फट आणि तोंड यांची क्षेत्रफळे सारखी होतात. 36 मिमीला त्यासाठी 9 मिमी पुरते, 38 मिमीला साडेनऊ लागते. कॅमला हात न लावता नुसते व्हॉल्व्ह बदलले, तर निम्मा फायदा हेडमध्येच अडकून पडतो.

या कामात व्यासापेक्षा सीटला, म्हणजे बंद व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो त्या कड्याला, जास्त मान द्यायला हवा. व्हॉल्व्हखालचा गळा व्हॉल्व्हच्या व्यासाच्या 85 ते 90 टक्के ठेवतात. त्याहून रुंद केला तर सीटला आधार उरत नाही. सीटचा मुख्य कोन 45 अंशांचा, त्याच्या वर 30 आणि खाली 60 अंशांचा असा तीन कोनांचा काट घेतला, की हवा वळणावर तुटत नाही. मूळ व्हॉल्व्ह ठेवून एवढेच काम नीट केले तरी पुष्कळ गाड्यांत फरक कळतो, आणि आधी तेच करावे.

नाशिकची मशीनकामाची परंपरा इथे उपयोगी पडते. सातपूरला महिंद्राचा वाहन कारखाना आहे, इगतपुरीला त्याच कंपनीचा इंजिन कारखाना, आणि मायको सर्कल ज्या मायको कंपनीच्या नावाने ओळखले जाते त्या, आताच्या बॉशचा इंधन-इंजेक्शनच्या भागांचा कारखानाही सातपूरलाच. सातपूर-अंबडच्या वसाहतींत मायक्रोनमध्ये बोलणारे कारागीर आहेत. हेडमधली जुनी सीट कापून काढतात, खाच मोठी करतात आणि तिच्यापेक्षा किंचित मोठी नवी सीट हेड तापवून, सीट गार करून दाबून बसवतात. दोन सीटच्या मधली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी या कामात बारीक होते. पुढे तडा जातो तो बहुधा तिथूनच.

मग व्हॉल्व्ह घासणे. कडेला ग्राइंडिंग पेस्ट लावतात, रबरी कपाचा लाकडी दांडा व्हॉल्व्हला चिकटवतात आणि ताक घुसळताना रवी फिरते तसा तो दोन तळव्यांत फिरवतात. सीटवर सगळीकडे सारख्या रुंदीचे मंद राखाडी कडे उमटले पाहिजे. इनलेटला ते 1 ते 1.5 मिमी असले की पुरे. एक्झॉस्टला थोडे रुंद ठेवतात, कारण त्या व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटमधूनच हेडमध्ये उतरते. शेवटी हेड उलटे ठेवून ज्वलनकक्षात रॉकेल भरतात आणि पोर्टमध्ये (व्हॉल्व्हमागच्या वाटेत) ओल येते का ते पाहतात.

मोठा व्हॉल्व्ह जडही असतो. मूळ स्प्रिंग त्याला वेळेत बंद करू शकली नाही तर तो पिस्टनवर आपटतो. म्हणून कडक स्प्रिंग किंवा टायटॅनियमचे व्हॉल्व्ह वापरतात. पिस्टनवर मऊ प्लॅस्टिसिन ठेवून इंजिन हाताने फिरवतात आणि ठशाची जाडी मोजतात. इनलेटला किमान 2 मिमी आणि एक्झॉस्टला अडीच मिमी अंतर राखण्याचा प्रघात आहे. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या भिंतीला फार खेटला, तर त्या बाजूने हवाच जात नाही आणि वाढवलेला व्यास फुकट जातो.

मोठ्या व्हॉल्व्हमुळे खालच्या आरपीएमला पोर्टमधला हवेचा वेग घटतो आणि गाडी खालून ओढत नाही. नाशिकच्या कॉलेज रोड किंवा द्वारका चौकाच्या गर्दीत रोज चालणाऱ्या मोटारीला हा बदल करू नये, असेच म्हणावे लागते. रॅलीत चित्र वेगळे असते. ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ नाशिक परिसरात झालेली आहे. मात्र उत्पादित मोटारींच्या गटांत व्हॉल्व्हचा मूळ आकार बदलायची मुभा सहसा नसते, तेव्हा आधी नियमपुस्तिका पाहावी.

व्यास वाढवण्याऐवजी संख्या वाढवणे हा दुसरा मार्ग. 1912 च्या फ्रेंच ग्रां प्रीत जिंकलेल्या प्यूजोच्या मोटारीत दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह होते. भारतीय रॅलीत वर्षानुवर्षे धावलेल्या मारुती जिप्सीच्या 1298 सीसी इंजिनाचा बोर (सिलिंडरचा व्यास) 74 मिमी. त्यात आधी आठ व्हॉल्व्ह होते, नंतर त्याच बोरवर सोळा आले आणि ताकद सुमारे 60 वरून 80 अश्वशक्तीवर गेली. त्यात फ्युएल इंजेक्शनचाही वाटा होता. जुन्या आठ व्हॉल्व्हच्या जिप्सीला मोठे व्हॉल्व्ह बसवण्यापेक्षा सोळा व्हॉल्व्हचे अख्खे इंजिन बसवणे बहुधा सोयीचे पडते. इंजिन बदलले की नोंदणी प्रमाणपत्रावर त्याची नोंद आरटीओकडून करून घ्यावी लागते.