परकीय गुंतवणूक आकर्षण धोरण

परदेशी कंपन्यांनी देशात कारखाना, बंदर किंवा कार्यालय थाटून दीर्घकाळ टिकणारे भांडवल आणावे, यासाठी विकसनशील देश जे कायदे, करसवलती आणि सोयी पुढे करतो, त्यांना हे नाव आहे. शेअर बाजारात आज येऊन उद्या परतणारा पैसा यात धरत नाहीत. ठाणे आणि नवी मुंबईत या धोरणाचे बहुतेक प्रकार आजमावले गेले.

आरंभीची दृष्टी सावध होती. १९७३ च्या 'फेरा' या परकीय चलन नियमन कायद्याने बहुतेक परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला लावला. जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने अग्रक्रमाच्या उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंत आपोआप मंजुरी दिली. २००० मध्ये फेराच्या जागी 'फेमा' हा सौम्य कायदा आला, आणि २०१७ मध्ये परदेशी प्रस्तावांना परवानगी देणारे परकीय गुंतवणूक प्रोत्साहन मंडळही गुंडाळले गेले.

राज्याच्या हाती उरतात जमीन, पाणी, वीज आणि मुद्रांक शुल्क. महाराष्ट्राची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासूनची. तिच्यात मागास तालुक्यांना जास्त सवलत मिळते. ठाणे-नवी मुंबईचा पट्टा 'अ' गटात, म्हणजे सर्वांत कमी सवलतीचा. तरी ठाणे-बेलापूर रस्त्याने गेल्यास महापे, ऐरोली भागात परदेशी भांडवलाची डेटा सेंटर दिसतात. माहिती तंत्रज्ञान धोरणाच्या वेगळ्या सवलती त्यांना आहेत, पण समुद्राखालच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात आणि एमआयडीसीचे (राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाचे) भूखंड, वीज, पाणी जवळ आहे, हे कारण मला जास्त वजनदार वाटते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण उरणजवळचे न्हावा-शेवा. हे सरकारी बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. १९९७ मध्ये त्याने एका टर्मिनलसाठी पी अँड ओ या परदेशी कंपनीच्या गटाशी ३० वर्षांचा करार केला, आणि १९९९ मध्ये देशातले पहिले खासगी कंटेनर टर्मिनल चालू झाले. जमीन बंदराचीच राहिली. धक्का बांधणे, क्रेन आणणे आणि जहाज रिकामे करणे कंपनीकडे गेले; मोबदल्यात तिने बंदराला रॉयल्टी द्यायची. मुदत संपली की बांधलेले सारे बंदराकडे परत येते. पुढे मर्स्क गटाचे टर्मिनल आले, २०१८ मध्ये सिंगापूरच्या पीएसएचे. बंदराच्या वाटेवरच्या करळ फाट्यावर उभे राहिले की ट्रेलरमागून ट्रेलर जाताना दिसतात. प्रत्येकावर चाळीस फुटी पेटी, दारावर सील. या कंपन्या आल्या त्या करमाफीसाठी नव्हे, खोल पाणी आणि खात्रीचा माल यांसाठी.

करमाफीचा प्रयोग शेजारीच झाला. २००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्याने निर्यातीच्या नफ्यावर पहिली ५ वर्षे पूर्ण आणि पुढची ५ वर्षे निम्मी करमाफी दिली. द्रोणागिरी, उलवे, कळंबोलीत सिडकोचा (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचा) २६ टक्के आणि खासगी गटाचा ७४ टक्के वाटा असलेले मोठे क्षेत्र आखले गेले. २०११ च्या अर्थसंकल्पाने या क्षेत्रांवरही किमान पर्यायी कर, म्हणजे करमाफी असली तरी नफ्यावर भरावाच लागणारा कर, लावला आणि वचन मध्येच बदलले. अपेक्षेइतके उद्योग आले नाहीत. २०१८ मध्ये राज्याने ते एकात्मिक औद्योगिक क्षेत्रात रूपांतरित करायला मान्यता दिली. गुंतवणूकदाराला कराच्या दरापेक्षा नियम टिकतील याचा भरवसा जास्त लागतो, हे इथे स्वच्छ दिसले.

धोरणाच्या कागदांत ज्यांची नोंद तुटपुंजी असते ते जमीनमालक. ही सारी जमीन भातशेती आणि मिठागरांची, आगरी-कोळ्यांची. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात आंदोलन झाले. गोळीबारात ५ जण हुतात्मा झाले. त्यातूनच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. गावांत तिला नुसते 'साडेबारा टक्के' म्हणतात. सवलतींच्या चर्चेत हा खर्च गुंतवणुकीच्या हिशेबात पहिल्या रकान्यात यायला हवा. बंदरासाठी जमीन दिलेल्या प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्क्यांची पत्रे ऑगस्ट २०१४ मध्ये मिळाली. बंदर सुरू होऊन तेव्हा २५ वर्षे झाली होती, आणि त्याच कार्यक्रमात बंदराच्या नव्या विशेष आर्थिक क्षेत्राची पायाभरणी झाली.