मुलांची झोप आणि वजन: हा प्रश्न आला कुठून?

मुलं पुरेशी झोपत नाहीत, ही तक्रार शंभर वर्षांहून जुनी आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१२ साली मुलांच्या झोपेबद्दलच्या १८९७ पासूनच्या शिफारशी धुंडाळल्या. तज्ज्ञ जेवढी झोप सांगत, त्यापेक्षा मुलं सरासरी ३७ मिनिटं कमीच झोपत. पुढे मुलांची झोप घटत गेली, तशा शिफारशीही खाली आल्या, पण हे अंतर काही मिटलं नाही. दोष मात्र दर पिढीत त्या त्या काळच्या धावपळीवर ढकलला गेला.

या सगळ्यात वजनाचा विषय फार उशिरा आला. सुरुवातीला चिंता होती ती डोक्याची. अमेरिकेत लुईस टर्मन आणि अ‍ॅडलिन हॉकिंग यांनी १९१३ मध्ये शाळकरी मुलांच्या झोपेचा अभ्यास केला, तो कार्यक्षमतेशी तिचा काय संबंध आहे हे पाहण्यासाठी. झोपेचे तास आणि शाळेतली प्रगती यांचा स्पष्ट मेळ काही त्यांना लागला नाही. लठ्ठपणाचं म्हणाल, तर तो खाणं, खेळणं आणि अनुवंश यांच्याच खात्यात टाकला जाई.

झोप या हिशेबात आली ती जवळजवळ मागच्या दाराने. १९९२ मध्ये फ्रान्समधल्या एका गटाने पाच वर्षांच्या मुलांमधल्या लठ्ठपणाची कारणं तपासली. आईवडिलांचं वजन, जन्माच्या वेळचं वजन, मधल्या वेळचं खाणं, टीव्ही अशा यादीत झोपेचाही एक प्रश्न होता. टीव्हीचा परिणाम बाजूला काढूनही कमी झोपेचा लठ्ठपणाशी असलेला संबंध टिकून राहिला. त्याची दखल घ्यायला मात्र दहा वर्षं गेली.

२००२ मध्ये दोन मोठे अभ्यास पाठोपाठ आले. जपानच्या तोयामा भागातल्या सहा-सात वर्षांच्या मुलांमध्ये झोप जसजशी कमी, तसतसा लठ्ठपणाचा धोका पायरीपायरीने वाढताना दिसला. जर्मनीच्या बव्हेरियात पाच-सहा वर्षांच्या मुलांपैकी दहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत लठ्ठपणाचं प्रमाण ५.४ टक्के होतं, तर साडेअकरा तास किंवा अधिक झोपणाऱ्यांत २.१ टक्के. आहार आणि जीवनशैली इतक्या वेगळ्या असलेल्या दोन देशांत कल एकच निघाला, आणि मग हा विषय बाजूला सारणं कठीण झालं. २००५ मध्ये ब्रिटनच्या एव्हन भागातल्या अभ्यासाने काळाचा धागा जोडला: तिसऱ्या वर्षी साडेदहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या मुलांमध्ये सातव्या वर्षी लठ्ठपणाची शक्यता जास्त होती.

असं का होत असावं, याचं उत्तर तोवर प्रौढांवरच्या प्रयोगांतून आलं होतं. शिकागोतल्या ईव्ह व्हॅन कॉटर यांच्या गटाने २००४ मध्ये १२ तरुण पुरुषांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. दहा तासांच्या रात्रींच्या तुलनेत, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन हे हार्मोन १८ टक्क्यांनी कमी आणि भूक चाळवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त आढळलं. ही गोष्ट सांगायला सोपी, त्यामुळे ती झपाट्याने पसरली. माझ्या मते गरजेपेक्षा जास्तच. बारा तरुणांच्या दोन रात्रींवरून शाळकरी मुलाच्या वर्षभराच्या वजनाचं गणित मांडणं म्हणजे जरा घाईच झाली.

मुलांवरचा प्रयोग आला २०१३ मध्ये. अमेरिकेत शंटेल हार्ट यांच्या गटाने ८ ते ११ वर्षांच्या ३७ मुलांना एक आठवडा रोजच्यापेक्षा दीड तास जास्त आणि एक आठवडा दीड तास कमी वेळ अंथरुणात राहायला लावलं. मनगटावरच्या यंत्राने झोप मोजली. दिवसभरात काय काय खाल्लं, ते मुलांना विचारून नोंदवलं. जास्त झोपेच्या आठवड्यात मुलांनी रोज सरासरी १३४ कॅलरी कमी खाल्ल्याचं सांगितलं आणि वजन सुमारे पाव किलोने कमी भरलं. गंमत म्हणजे, याच आठवड्यात सकाळचं उपाशीपोटीचं लेप्टिनही कमी निघालं. म्हणजे मोठ्यांच्या प्रयोगाच्या नेमकं उलट! हार्मोनची ती सुटसुटीत गोष्ट मुलांना जशीच्या तशी लागू पडेना. खाण्यातला फरक मात्र उघड होता. जागं राहिलं की खायला वेळही जास्त मिळतो, हे साधं कारण त्यामागे असू शकतं.

जुन्या आकड्यांत एक कच्चा दुवा आहेच. मोठ्या सर्वेक्षणांत झोपेचे तास बहुधा पालकांनी सांगितलेले असतात, आणि पालक सांगतात ती अंथरुणात जाण्याची वेळ. डोळा लागण्याची नव्हे. शिवाय वजन वाढल्यामुळे रात्री श्वास अडकून झोपमोड होऊ शकते, त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हा घोळ उरतोच.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या निद्रावैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप सांगितली. पण प्रश्न एव्हाना तासांपुरता राहिला नव्हता. २०११ मध्येच ऑस्ट्रेलियातल्या ९ ते १६ वर्षांच्या मुलांच्या एका अभ्यासात, लवकर झोपून लवकर उठणारी आणि उशिरा झोपून उशिरा उठणारी मुलं साधारण सारखेच तास झोपत होती. तरी उशिरा झोपणाऱ्यांत जास्त वजनाची किंवा लठ्ठपणाची शक्यता सुमारे दीडपट होती. ही मुलं पडद्यासमोर जास्त बसत आणि हालचाल कमी करत.