क्लब की शाळेची टीम: मुलीच्या आठवड्याचा हिशोब कोण ठेवतंय?

गेल्या मे महिन्यात मुलीच्या शाळेबाहेरच्या सॉकर (म्हणजे आपला फुटबॉल) क्लबच्या ट्रायआउटनंतर, म्हणजे टीमच्या निवडचाचणीनंतर, कोचने आम्हा चार-पाच पालकांना बाजूला घेतलं आणि सांगितलं की पुढच्या वर्षी सिरीयसली खेळायचं असेल तर हायस्कूलच्या टीमचा विचार सोडा. मुलगी तेव्हा आठवी संपवून नववीत जाणार होती. आम्ही न्यू जर्सीत राहतो, इथे मुलींचा शाळेचा सॉकर सीझन ऑगस्टच्या शेवटी तयारीने सुरू होतो आणि नोव्हेंबरपर्यंत चालतो, म्हणजे बरोबर क्लबचा सीझनही जोरात असतो तेव्हाच. गाडीत येताना ती एकच वाक्य बोलली, "आई, माझ्या सगळ्या मैत्रिणी शाळेकडून खेळणारेत." त्या रात्रीपासून मी या विषयावर मिळेल ते वाचत बसलेय, आणि वाचता वाचता माझं असं मत झालंय की आपण सगळे पालक चुकीचाच प्रश्न विचारतोय.

आधी हा वाद आला कुठून ते सांगते, कारण आपण भारतातून आलेल्या लोकांना शाळेचा खेळ म्हणजे पीटीचा तास आणि वर्षातून एकदा स्पोर्ट्स डे एवढंच माहीत असतं. अमेरिकेत मुलींचा सॉकर शाळेतूनच वर आला. १९७२ साली टायटल नाइन नावाचा कायदा झाला, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलामुलीत भेदभाव करता येणार नाही असा, आणि खेळही त्यात आले. त्याआधीच्या वर्षी म्हणजे १९७१-७२ मध्ये अख्ख्या देशात हायस्कूलकडून सॉकर खेळणाऱ्या मुली होत्या फक्त ७००, आणि २०१८-१९ पर्यंत हा आकडा ३ लाख ९४ हजारांवर गेला. सातशेवरून चार लाखांच्या जवळ! अमेरिकेच्या बायकांनी चार वर्ल्ड कप जिंकले त्याच्या मुळाशी ही गर्दी आहे असं मला मनापासून वाटतं.

मग क्लब मोठे होत गेले. २००९ मध्ये ४० क्लबांनी मिळून ईसीएनएल ही मुलींची लीग काढली, देशभरातल्या चांगल्या टीम एकमेकींशी खेळाव्यात म्हणून, पण शाळेकडून खेळायला त्यांनी बंदी घातली नाही. मुलांसाठी मात्र अमेरिकेच्या सॉकर फेडरेशनने २००७ पासून डेव्हलपमेंट अकॅडमी नावाची निवडक क्लबांची लीग चालवली होती आणि २०१२ पासून तिथे दहा महिन्यांचा सीझन करून हायस्कूल जवळजवळ बंदच केलं. २०१७ मध्ये तेच मॉडेल मुलींसाठी आणलं. थोडेफार अपवाद सोडले तर अकॅडमी किंवा शाळा, दोन्ही नाही. काही मोठे क्लब लवकरच परत ईसीएनएलकडे गेले, आणि एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या सुरुवातीला फेडरेशनने मुलांची-मुलींची दोन्ही अकॅडमी बंद करून टाकली. मुलींची अकॅडमी तीन सीझनसुद्धा पूर्ण टिकली नाही. तिच्यातून उरलेल्या क्लबांनी त्याच वर्षी गर्ल्स अकॅडमी नावाची वेगळी लीग उभी केली.

अकॅडमीवाल्यांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं होतं असं मी म्हणणार नाही. त्यांचा हिशोब असा की आठवड्यात चार वेळा नीट प्रॅक्टिस आणि एक चांगली मॅच, म्हणजे शिकायला वेळ मिळतो. शाळेच्या सीझनमध्ये आठवड्याला दोन, कधी तीन मॅचेस होतात, मध्ये एखादा दिवस मिळतो तो पाय मोकळे करण्यात जातो, मग नवीन काही शिकवणार कधी? शिवाय टीममध्ये कॉलेजात जाऊन खेळेल अशी मुलगीही असते आणि दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा बूट घातलेली मुलगीही असते. आणि मॅचमध्ये दुखापतीचं प्रमाण प्रॅक्टिसपेक्षा कितीतरी पट जास्त असतं, हे जवळजवळ प्रत्येक अभ्यासात दिसतं, त्यामुळे दहा-अकरा आठवड्यांत मॅचेसची एवढी दाटी शरीराला सोपी नसतेच.

पण यावरून "शाळा सोडली तरच मुलगी वर जाईल" असं निघत नाही. तीन नावं बघा, तिघी २०१५ चा वर्ल्ड कप अमेरिकेच्या टीममधून जिंकल्या. ॲबी वॉम्बाक रॉचेस्टरला हायस्कूलकडून खेळली, तिथे तिने १४२ गोल मारले आणि बास्केटबॉलही खेळली. मेगन रॅपिनो शाळेकडून सॉकर खेळलीच नाही, ती आणि तिची जुळी बहीण रेडिंगहून दोन-अडीच तासांचा प्रवास करून एल्क ग्रोव्हच्या क्लबकडे जायच्या. आणि ॲलेक्स मॉर्गन १४ वर्षांची होईपर्यंत क्लब टीममध्ये नव्हती, डायमंड बार हायस्कूलकडून खेळली, आणि सतराव्या वर्षी तिचं एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं एक लिगामेंट, फाटलं तरी पुढे कुठे पोचली ते सगळ्यांना माहितीये.

तीन उदाहरणं म्हणजे विज्ञान नव्हे, हे मान्य. म्हणून मोठा अभ्यास बघू. २०२२ मध्ये जर्मनीतले आर्ने ग्युलिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५१ अभ्यास एकत्र करून ६,०९६ खेळाडूंचा डेटा तपासला, त्यातले ७७२ जगातले अगदी वरचे. लहान वयात चमकणारी मुलं मुख्य खेळ लवकर सुरू करतात, त्याचीच प्रॅक्टिस जास्त करतात आणि पटकन पुढे जातात. पण मोठेपणी जागतिक पातळीला पोचलेले खेळाडू बघितले तर चित्र उलटं होतं, त्यांनी मुख्य खेळ उशिरा धरलेला, लहानपणी दुसरे खेळही कोचकडून शिकलेले, आणि सुरुवातीची प्रगती हळू! म्हणजे १३ वर्षांची मुलगी आज टीममध्ये नंबर एक आहे यावरून ती २३ व्या वर्षी कुठे असेल हे फारसं सांगता येत नाही, आणि आपण मात्र त्या तेराव्या वर्षाच्या निकालावर सगळं घर फिरवतो.

आता शरीराकडे येते, कारण माझ्या मते खरा मुद्दा इथे आहे. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात वेगाने वाढते, मुलांची चौदाच्या आसपास. मांडीचं आणि पोटरीचं हाड भराभर लांब होतं, वजन वाढतं, शरीराचा तोल बदलतो. मुलांना या काळात टेस्टोस्टेरॉनमुळे स्नायूंची ताकद सोबत मिळत जाते, मुलींना तेवढी आपोआप मिळत नाही. त्यामुळे उडी मारून खाली येताना किंवा पळता पळता एकदम दिशा बदलताना गुडघा आतल्या बाजूला झुकतो, आणि गुडघ्याच्या मधोमध तिरकं बसलेलं एसीएल नावाचं लिगामेंट त्या एका क्षणात ताणून फाटतं. बहुतेक वेळा कोणाचा धक्काही लागलेला नसतो. सॉकरमध्ये मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा दोन ते तीन पट जास्त होते. आणि ती एकदा होऊन संपत नाही, पंचविशीच्या आतले जे खेळाडू ऑपरेशननंतर परत मैदानात उतरतात त्यांच्यात जवळजवळ चारातल्या एकाला दुसऱ्यांदा होते, त्याच गुडघ्यात किंवा दुसऱ्या.

यावर उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे, हे वाचून मी खरंच खुर्चीतून उठले. स्वीडनमध्ये १२ ते १७ वर्षांच्या ४,५६४ मुलींवर मोठी ट्रायल झाली, २०१२ मध्ये तिचे निकाल आले. निम्म्या क्लबांनी आठवड्यातून दोनदा फक्त १५ मिनिटांचा खास वॉर्मअप केला, एका पायावर बैठक, दोन पायांवर बैठक, पाठीवर झोपून कंबर उचलणं, प्लँक, लंज आणि उडी मारून नीट उतरणं, एवढे सहा प्रकार, आणि सगळ्यांत एकच लक्ष, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहिला पाहिजे. एसीएलच्या दुखापती ६४ टक्क्यांनी कमी झाल्या. त्याआधी २००८ मध्ये नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर फिफाच्या ११ प्लस वॉर्मअपची ट्रायल झाली होती, तिथेही एकूण दुखापती साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्या. याला मशीन लागत नाही, महागडा कोच लागत नाही, शाळेची टीमही करू शकते. मी मुलीच्या दोन्ही ठिकाणी वॉर्मअप बघत उभी राहिले, एका ठिकाणी मैदानाला दोन चकरा आणि थोडं स्ट्रेचिंग, बस.

दुसरी गोष्ट म्हणजे एकूण लोड. विस्कॉन्सिनमध्ये १,५४४ हायस्कूल खेळाडूंवर एक वर्ष लक्ष ठेवलं होतं, ज्या मुलामुलींनी एकाच खेळाला पूर्ण वाहून घेतलं होतं त्यांच्यात पायाच्या दुखापतींचं प्रमाण एकाच खेळाला फारसं वाहून न घेतलेल्यांपेक्षा ८५ टक्के जास्त निघालं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना २०१६ पासून सांगतेय की एका खेळात स्पेशलायझेशन शक्यतो १५-१६ वर्षांपर्यंत पुढे ढकला, आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी द्या, आणि वर्षातून एकूण तीन महिने, एकेक महिन्याच्या तुकड्यात, त्या खेळापासून लांब ठेवा. अजून एक साधा नियम आहे तो मला फार आवडला, आठवड्यातले खेळाचे तास वयाच्या आकड्याच्या वर जाऊ देऊ नका. चौदा वर्षांची मुलगी, चौदा तास.

मी मागच्या सप्टेंबरमधला एक आठवडा कागदावर मांडला. आम्ही कोचला नाही म्हटलं नव्हतं आणि शाळेलाही नाही म्हटलं नव्हतं, म्हणजे दोन्हीकडे हो. शाळेत सोमवार ते शुक्रवार रोज दोन-सव्वादोन तास, त्यात दोन मॅचेस, वर क्लबची दोन संध्याकाळी दीड-दीड तासाची प्रॅक्टिस आणि रविवारी मॅच, लांबचा प्रवास सोडून सोळा तासांच्या वर. सुट्टीचा दिवस फक्त शनिवार, तोही प्रोजेक्टमध्ये गेला. रात्री साडेनऊला जेवण, मग होमवर्क, झोपायला साडेअकरा-बारा, सकाळी सहाला उठणं. झोपेवरचा एक छोटा अभ्यास आहे, ११२ शाळकरी खेळाडूंचा, आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट होती. माझी मुलगी सहा तास झोपत होती आणि मला ते मेहनत वाटत होतं, मी कौतुकाने आजीला फोनवर सांगत होते.

म्हणून मी म्हणते की क्लब का शाळा हा प्रश्नच अर्धवट आहे. क्लबचा कोच स्वतःचे तास मोजतो, शाळेचा कोच स्वतःचे, आणि दोघांची बेरीज मुलीच्या गुडघ्यात होते, ती बेरीज बघणारं कोणीच नसतं. बंदी घालणाऱ्या अकॅडमीने निदान हे एक ओळखलं होतं की दोन बॉस नकोत, पण उत्तर म्हणून त्यांनी मैत्रिणी, वर्गासमोर खेळण्याची मजा, शाळेच्या नावाची जर्सी सगळंच काढून घेतलं. विमेन्स स्पोर्ट्स फाउंडेशन सांगते की चौदाव्या वर्षापर्यंत मुली मुलांच्या दुप्पट प्रमाणात खेळ सोडतात. ज्या वयात मुली खेळच सोडून देतायत त्याच वयात मैत्रिणी तोडायला लावणं मला तरी पटत नाही. ज्या लीगमध्ये शाळेच्या सीझनपुरता क्लब थांबतो किंवा हलका होतो, ती पद्धत माझ्या मते सगळ्यात शहाणी.

आपल्या घरांसाठी एक मुद्दा मुद्दाम लिहितेय, कारण आया याबद्दल आपसात बोलत नाहीत. एवढं खेळणाऱ्या मुलीचं खाणं कमी पडलं तर शरीर आधी पाळी थांबवतं, मग हाडं कमजोर होतात, स्ट्रेस फ्रॅक्चर होतात. २०१४ पासून ऑलिंपिक कमिटीने याला वेगळं नाव देऊन गंभीर प्रश्न म्हणून मांडलंय. "खेळते ना, म्हणून पाळी येत नाही, चालतं" असं समजू नका, डॉक्टरकडे न्या. शाकाहारी घरात लोह कमी असण्याची शक्यता जास्त, तेही एकदा तपासून घ्या.

आता स्कॉलरशिपचं, ज्याच्यासाठी बहुतेक घरं हे सगळं सोसतात. हायस्कूलमध्ये सॉकर खेळणाऱ्या शंभर मुलींपैकी साधारण सात कॉलेजात एनसीएएमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या मोठ्या संघटनेत, खेळतात, पहिल्या म्हणजे सगळ्यात वरच्या डिव्हिजनला दोन-अडीच. पूर्वी आठवी-नववीतल्या मुलींना कॉलेजचे कोच तोंडी शब्द द्यायचे, त्या भीतीने पालक घाई करायचे. २०१९ पासून नियम असा आहे की दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत पहिल्या डिव्हिजनच्या कोचने मुलीशी बोलायचंच नाही, म्हणजे तेराव्या वर्षी जीव टांगणीला लावायचं कारण उरलेलं नाही. आणि कॉलेजचे कोच मुली बघायला मुख्यतः क्लबच्या मोठ्या स्पर्धांना जातात हे खरं असलं तरी त्यासाठी शाळा सोडायची गरज पडतेच असं नाही.

वयोगटाचंही एक आहे. २०१६-१७ पासून इथे क्लबच्या टीम जानेवारी ते डिसेंबर अशा जन्मवर्षाने बनतात, पण शाळेची इयत्ता वेगळ्या तारखेने ठरते. त्यामुळे वर्षाच्या शेवटी जन्मलेली मुलगी आठवीत राहते आणि तिच्या टीममधल्या बाकीच्या नववीत जाऊन शाळेकडून खेळायला लागतात, क्लबची टीम दोन-तीन महिने बंद, ही एकटी लटकते. २०२६-२७ पासून बरेच क्लब १ ऑगस्ट ते ३१ जुलै या गटावर जातायत, म्हणजे हा त्रास बराच कमी होईल. तुमची मुलगी ऑगस्ट ते डिसेंबरमधली असेल तर तिची टीम बदलू शकते, क्लबला आत्ताच विचारून ठेवा.

आणि विचारायचंच आहे तर तीन गोष्टी विचारा, ट्रायआउटच्या आधी विचारा, सही करून पैसे भरल्यावर नाही. वॉर्मअपमध्ये नेमकं काय करता, शाळेच्या सीझनमध्ये क्लबची प्रॅक्टिस किती कमी करता, आणि दोन्ही कोच एकमेकांशी फोनवर बोलायला तयार आहेत का. मी या वर्षी विचारलं. क्लबने सीझनभर एक प्रॅक्टिस माफ केली, शाळेच्या कोचने मॅचच्या दुसऱ्या दिवशी तिला हलकं ठेवायचं कबूल केलं, आणि तास साडेतेरावर आले.